खाऱ्या फळ्यांचे स्पीकर

मी पनवेलमध्ये स्पीकर बनवतो असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "डीजेचे?"

मग मला त्याला खाली बसवावं लागतं. बाबा रे, म्हणतो, डीजेचे स्पीकर छातीला ऐकू येतात, माझे कानाला. माझ्या स्पीकरवर गाणाऱ्या बाईने सुरुवातीला आवंढा गिळला, तर तो ऐकणाऱ्याच्या घशातून खाली उतरतो. एका वकिलाकडे जोडी बसवली आणि नमुना म्हणून नुसतं पावसाचं रेकॉर्डिंग लावलं, तर त्यांच्या मातोश्री गच्चीवर धावल्या आणि वाळत घातलेले पापड गोळा करून आणले. हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की आता मला स्वतःला ते पापड दिसतात. उडदाचे होते.

शेड आमची तळ्याच्या मागच्या अंगाला. तिथे दोनच माणसं, मी आणि मिस्त्री. मिस्त्री महाडकडचे, जातिवंत सुतार, दिवसाला मोजून अकरा वाक्यं बोलणारे. उरलेली मी बोलतो. वर्षाला पाच-सहा जोड्या होतात, त्यातही एखादी परत येते. परत येण्याचं कारण आवाज कधीच नसतं. सोफ्याला शोभत नाही, हे असतं.

दिसणं आणि ऐकू येणं या एका घरात नांदणाऱ्या सवती. कानाला पेटी हवी जाडजूड, खोल, भिंतीपासून हातभर पुढे, खोलीच्या मध्यात म्हशीसारखी बसलेली. डोळ्याला ती हवी सडपातळ, भिंतीला चिकटलेली, आणि जमल्यास नसलेलीच. मी तीस वर्षं या दोघींची भांडणं सोडवतोय आणि दर वेळी धाकटी जिंकते. धाकटी म्हणजे दिसणारी. एकदा मी आतून अगदी एकसारख्या दोन जोड्या केल्या. एकीवर शिसवी लाकडाचा पातळ पापुद्रा चढवला, दुसरी नुसती काळी रंगवली. पनवेलमधले सात जाणकार बोलावले. सातही जणांनी शिसवीच्या जोडीचा आवाज "उबदार" आहे म्हणून माना डोलावल्या. त्यातला एक तर डोळे मिटून ऐकत होता. मिटण्याआधी त्याने बघून घेतलं होतं, एवढंच.

तर अशा माझ्याकडे, तीन वर्षांपूर्वी दिवाळी संपता संपता, पनवेलजवळच्या कोन गावचा एक शेठ पिकअप घेऊन आला. शेठ म्हणजे मूळचा शेतकरीच. जमीन रस्त्यात गेली, उरलेल्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, आणि हा त्यांच्यासोबत उभा राहिला. गळ्यात साखळी अशी की तिला म्हैस बांधता यावी. बोलायला मात्र लोण्यासारखा. मागच्या बाजूला ताडपत्रीखाली सहा फळ्या होत्या, काळ्याभोर, हातभर रुंद, आणि त्यांच्या रेषारेषांत पांढरं काहीतरी बसलेलं.

"दादूस," तो म्हणाला, "ह्या माज्या आयच्या म्हायेरच्या मिठागराच्या उघाडीच्या फल्या. तिकडं उरणला आता भराव टाकतान. कंटेनर ठेवनार हायेत. मी म्हनलो, बाकी काय नाय तं ह्या तरी सोरवून आनू."

उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीचं पाणी मिठागरात घ्यायचं आणि ओहोटीला अडवून धरायचं, हे त्याचं काम. पन्नासेक वर्षं ते सागवान समुद्र पीत बसलेलं होतं. ओल्या फडक्याने पुसून पाहिलं आणि माझ्यातली धाकटी सवत एकदम जागी झाली. असं लाकूड मी जन्मात पाहिलं नव्हतं. काळ्यात तांबूस, तांबड्यात चंदेरी. या लाकडाचा स्पीकर ठेवला तर शेजारी राहणाऱ्याला झोप येणार नाही.

"स्पीकर कशाला हवेत?" मी विचारलं.

तेव्हा त्याने सांगितलं. त्याची आई धवलारीण होती. आमच्या भागातल्या गावांमधून लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवले गाणारी बाई असते, निदान असायची. ती गायल्याशिवाय देव मांडवात येत नाहीत असं मानायचे, भटजी वगैरे सगळे नंतर. या बाईचं नाव पार उरणपर्यंत होतं. आणि ताठ किती, तर एका वर्षी तिचा घसा बसला होता म्हणून सख्ख्या भाचीच्या लग्नात ती मांडवात बसून राहिली, तोंड उघडलं नाही. लोकांनी पाय धरले. "फाटल्या गल्यानं देव बोलवाचे नसतान," एवढंच म्हणाली आणि दुसरी बाई बोलवायला लावली.

तो माझ्याकडे आला त्याच्या दोन वर्षं आधी तिला अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आता ती खुर्चीत बसून असते, सगळं कळतं, बोलता येत नाही. डॉक्टर म्हणाले होते, बोलणं गेलेली माणसं कधी कधी गाणं म्हणतात. तिचीच गाणी तिला ऐकवत राहा, खात्री नाही, पण ऐकवा. घरात एका जुन्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती. टीव्हीवर ती लावली की आवाज पत्र्याच्या डब्यात कोंबडी कोंडल्यासारखा यायचा, आणि म्हातारी तोंड फिरवायची.

"मना आय त्या खोलीत बसून गातेय असं पायजे," शेठ म्हणाला. "वैशाखात पोरीचं लगीन हाय. नातीच्या हलदीला आजीचाच धवला लागला पायजे. आन् कुनाला ठाव, दादूस, ऐकता ऐकता गाईल पन."

सहा महिने होते. मी म्हणालो, सहा महिन्यांत मी समुद्राला गायला लावीन.

खरं तर मी त्याला सांगायला हवं होतं, की चांगल्या स्पीकरला सबंध लाकूड वापरत नाहीत. लाकूड फुगतं, आकसतं, स्वतःच गुणगुणायला लागतं. प्लायची मुकी पेटी बरी. ते सांगितलं, अगदी शास्त्रोक्त सांगितलं. मग तह झाला: पेटी प्लायची, पण समोरची फळी, जिच्यावर सगळी यंत्रं बसवतात ती, उघाडीची. आपण ज्याच्याकडे तोंड करून बसतो ती बाजू. ज्याला दिसायला हवं ते दिसेल, ज्याला ऐकू यायला हवं ते ऐकू येईल. माझ्या तीस वर्षांतला सर्वांत देखणा तह.

शेठच्या बायकोने तो आणखी देखणा केला. तिने मला बंगल्यावर बोलावून टीव्हीच्या दोन्ही बाजूंच्या जागा मोजून दिल्या. "भाऊजी, वाजू द्यात कसंय पन," ती म्हणाली, "पावन्यांनी इचारलं पायजे, कुटनं आनलं. तोंड दिसलं पायजे त्यात." म्हातारी कोपऱ्यात खुर्चीत होती. माझ्याकडे बघत होती. डोळे असे की आपण खिशात काय ठेवलंय ते तिला कळतंय.

इकडे शेडमध्ये मिस्त्रींनी फळी उचलली, नाकाशी नेली आणि जिभेने चाटली.

"खारट," ते म्हणाले.

"समुद्राची आहे, साखरेची असणार का?"

"गोड्या पाण्यात ठेवायला लागेल. वरीसभर. आठवड्याला पाणी बदलून."

"वर्षभर? लग्न वैशाखात आहे."

"मग लग्नाला विचारा," मिस्त्री म्हणाले आणि त्या दिवसाची वाक्यं संपली.

बाहेर सिमेंटची टाकी होती, तिच्यात फळ्या बुडवल्या. दर आठवड्याला मिस्त्री पाणी उपसायचे, नवं भरायचे, आणि एक फळी वर काढून चाटायचे. लाकूड गोड झालं की नाही हे कळायला दुसरं यंत्र नाही म्हणतात. त्यांच्या बापानेही असंच केलं होतं, होड्यांच्या जुन्या लाकडाच्या बाबतीत. मार्गशीर्ष, पौष, माघ. "खारट." शेजारच्या गॅरेजवाले तर मिस्त्रींना टाकीवर वाकलेले पाहून नमस्कार करायला लागले होते, त्यांना वाटलं काही व्रत आहे.

तोवर मी आवाजाच्या मागे लागलो होतो. कॅसेट स्वच्छ करून घेतली. आत बँडबाजा होता, पोरांचा गलका होता, आणि त्या सगळ्याच्या मधून एक आवाज, जाड, सरळ, ओळीच्या शेवटी लांबवून खाली सोडलेला. मी फक्त त्या आवाजासाठी सगळं जुळवलं. इतर कोणी या स्पीकरवर नीट गाणार नाही, चालेल. एका बाईच्या गळ्याच्या मापाचा स्पीकर. दोन महिने दुसरं काही ऐकलं नाही. साध्या पेटीवर जोडून पाहिलं त्या दिवशी मिस्त्री रंधा थांबवून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई आली." त्यांच्याकडून अशी दाद मी आधी कधी ऐकली नव्हती.

मग शिमगा आला. शिमग्याला कोकणातला माणूस मुंबईत दोरीने बांधला तरी थांबत नाही. मिस्त्री पंधरा दिवसांसाठी गावी गेले. जाताना म्हणाले, "पाणी बदला. चाटून बघा. गोड लागलं तर सावलीत वाळत ठेवा, नाहीतर राहू द्या. साध्या पेटीतही बाई गातेच आहे."

त्यात सगळं होतं. साध्या पेटीत बाई गातच होती.

ते गेल्यावर आठव्या दिवशी मी टाकीतून फळी काढली, चाटली. इथवर जे सांगितलं त्यात मी जागोजागी फोडणी घातली आहे, हे माझ्या ओळखीचा कोणीही सांगेल. या ठिकाणी नाही. फळी खारट होती. पहिल्यापेक्षा कमी, पण जिभेच्या टोकाला नाही, मागे, घशाजवळ, स्पष्ट खारट. मी ती उन्हात धरली. वाळत चाललेल्या भागावर ते तांबूस-चंदेरी उमटत होतं. मी सहाही फळ्या बाहेर काढल्या आणि वाळत घातल्या.

मिस्त्री आले. फळ्या रचून ठेवलेल्या पाहिल्या.

"गोड झालं?"

"साखर," मी म्हणालो.

त्यांनी चाटून पाहिलं नाही. मालकाच्या जिभेवर जीभ ठेवायची नाही, ही त्यांची रीत. रंधा घेतला, तासलं, जोडलं, भोकं पाडली. पॉलिशला मी स्वतः बसलो. सात हात मारले, प्रत्येक हातानंतर घासून. शेवटी त्या फळीत माझं तोंड दिसलं, मिशीच्या केसासकट. मिस्त्री म्हणाले, "आतूनही मारा. लाकूड दोन्हीकडून श्वास घेतं. एकीकडून बंद केलंत तर सगळं दुसरीकडून सोडेल."

लग्नाला नऊ दिवस राहिले होते. पॉलिश आतल्या बाजूला मारायचं तर सगळी यंत्रं पुन्हा उतरवा, पुन्हा वाळवा.

"आतून कोण बघतंय?" मी म्हणालो.

हळदीच्या दिवशी सकाळी बंगल्यात स्पीकर लागले. बाहेर मांडवात डीजेवाला वायरी ओढत होता, त्याला शेठने तासभर गप्प राहायची ताकीद दिली होती. पाहुणे आत येत होते आणि खरोखर विचारत होते, कुठून आणलं. नवरी पाटावर बसली. म्हातारीची खुर्ची स्पीकरांच्या समोर आणली, मी मोजून ठेवलेल्या जागेवर. मी कॅसेट सुरू केली.

बँड मागे गेला. गलका बाजूला झाला. आणि खोलीत एक बाई उभी राहून गायला लागली.

म्हातारीचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर हलायला लागला. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी तो आवाज लांबला, आणि त्याच्या खाली, त्याला चिकटून, आणखी एक आवाज आला. खरखरीत, तुटका, पण त्याच सुरात. एवढाच एक स्वर. तिच्या तोंडातून. दोन वर्षांत पहिला. शेठने माझा दंड इतका जोरात धरला की आठवडाभर निळा होता. त्याची बायको, जिला पावन्यांनी विचारायला हवं होतं, ती पावन्यांसमोर जमिनीवर बसून रडली.

त्यानंतर रोज सकाळी आंघोळ झाली की म्हातारीला स्पीकरसमोर बसवायचे, आणि रोज सकाळी शेठचा मला फोन. "दादूस, आज दोन ओली गायली!" "दादूस, आज मान हालवली!" "आज मना नावानं हाक मारल्यासारकं केलं, अरदंच, पन केलं!" ज्येष्ठभर मी पनवेलमध्ये चालत नव्हतो, तरंगत होतो. मिस्त्रींना म्हणालो, आपण आता डॉक्टर लावू नावाआधी.

आषाढात फोन कमी झाले. मी म्हणालो, पाऊस आहे, लोक कामात असतात.

श्रावण लागला आणि फोन आला. "दादूस, आयचा गला बसलाय."

"आईंचा?"

"तुज्या पेटीतला."

मी गेलो. बाहेरून स्पीकर कालच आणल्यासारखे, आरसा. कॅसेट लावली. साध्या ओळी ठीक होत्या. शेवटचा स्वर लांबला की त्यात काहीतरी घासायचं, फाटायचं, कापड ओढल्यासारखं. म्हातारी खुर्चीत होती. हात दांड्यावर होता, हलत नव्हता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"महिना जाला असंल," शेठची बायको म्हणाली. "आधी हलू व्हतं. त्या गायच्या मंग पन. मंग एक दिस थांबल्या."

मी पेचकस काढून दर्शनी फळी उतरवली. आतली बाजू पांढरी झाली होती. आमच्या पॉलिशने बाहेरची वाट बुजवली, आणि पावसाळी हवेत लाकडाने पन्नास वर्षांचं मीठ आतल्या अंगाने सोडलं. मीठ जिथे असतं तिथे पाणी ओढतं. बंद पेटीत ती ओल कोंडली. चुंबकाच्या फटीत, जिथे केसाएवढ्या जागेत तार हलते, तिथे गंज चढून बसला होता. त्याच गंजावर रोज सकाळी बाईचा आवाज घासला जात होता.

खुर्चीतून हालचाल झाली. म्हातारी डाव्या हाताने मला बोलावत होती. फळी तिला हवी होती. मी तिच्या मांडीवर धरली, उघडी बाजू वर. तिने बोट त्या पांढऱ्यावरून फिरवलं, जिभेवर ठेवलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"वलकलं!" शेठ ओरडला, त्याचे डोळे भरले. "आयनं वलकलं! म्हायेरचं मीठ!"

ओळखलं होतंच. मिठागरातली बाई ती. लाकूड गोड झालं नव्हतं हे तिला जिभेवर कळलं, आणि ते कोणाला आधीच ठाऊक होतं तेही माझ्या तोंडावर दिसलं असणार. मी फळी उचलली.

पंधरा दिवसांत मी नवी जोडी केली. प्लायची, काळी, उघडीनागडी, खोलीत मध्यभागी ठेवायची. त्या दिवसापासून शेडमध्ये येणारी प्रत्येक फळी मिस्त्री मला दाखवायच्या आधी स्वतः चाटतात, प्लायसुद्धा.

नव्या जोडीवर बाई पहिल्यापेक्षाही खरी उभी राहिली. एकही स्वर फाटत नव्हता. म्हातारीने पहिलं कडवं पूर्ण ऐकलं. मग डावा हात उचलून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि मान हलवली. नाही.

शेठला आधी कळलं नाही. मग कळलं. महिनाभर ती रोज त्या आवाजाबरोबर गात होती आणि रोज तो थोडा फाटत गेला होता. कुठला आवाज पेटीतला आणि कुठला आपला, हे तिला वेगळं करता येत नव्हतं, आणि मी तर ते वेगळं करता येऊ नये म्हणूनच स्पीकर केला होता. तिच्या लेखी तिचाच गळा बसला होता. आणि फाटल्या गळ्याने देव बोलवायचे नसतात.

"आये, पेटी बिगारली व्हती, तू नाय," शेठ तिच्यासमोर उकिडवा बसून सांगायचा. बायको सांगायची. लग्न झालेली नात सासरहून येऊन सांगून गेली. मी पेचकस आणि गंजलेली तार नेऊन दाखवली. ती ऐकून घ्यायची. कॅसेट लावली की तोंड भिंतीकडे फिरवायची. दसऱ्यापर्यंत तो एक स्वरही गेला. डॉक्टर म्हणाले, प्रयत्न करत राहा. आता प्रयत्न करणारं कोणी उरलं नाही.

काळी जोडी अडगळीत गेली, कारण ती खोलीत बरी दिसत नव्हती. फळ्यांची जोडी मात्र टीव्हीच्या दोन्ही बाजूंना आहे, आतून रिकामी, वर फुलदाण्या. येणारे-जाणारे विचारतात कुठून आणली. त्यातल्या दोघांनी माझ्याकडून करून घेतल्या.

सणावाराला शेठ मला जेवायला बोलावतो. त्याच्या मनात माझ्याविषयी काही नाही. मी जातो, पापडांचा किस्सा सांगतो, सगळे हसतात. म्हातारी कोपऱ्यातून बघते आणि मी तिच्याकडे पाहिलं की हळूच डाव्या हाताचं बोट जिभेला लावते. दर वेळी. चुकत नाही.

या दिवाळीला शेठच्या ते लक्षात आलं. "दादूस," त्याने विचारलं, "आय तुला बगून आसं का करते रं?"

सगळे जेवताना थांबले होते. म्हातारीही थांबली होती.

"माहेर आठवत असेल," मी म्हणालो, आणि मीठ मागितलं.